तीन खोक्यांची ठिगळी

"गाडी मी करतो," असं मी म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात घास होता. त्यामुळे ते वाक्य कुणाला नीट ऐकू गेलं नसेल अशी मला बरेच दिवस आशा होती. पण आमच्या हिला मी शेजारच्या खोलीत मनातल्या मनात काय म्हणतो तेही ऐकू येतं. हे तर तिच्या समोर बसून, फोन चालू असताना बोललेलं वाक्य.

फोनवर तिचा भाऊ होता, म्हणजे माझा मेहुणा. तो लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि हुद्दा मोठा असल्यामुळे त्याचा आवाजही मोठा आहे. सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आपण मसाजची खुर्ची देणार असल्याचं त्याने नुकतंच जाहीर केलं होतं. बटण दाबलं की ती पाठ रगडते, पाय रगडते, माणसाने नुसतं पडून राहायचं.

"आणि भावोजी, तुम्ही काय देताय?" त्याने विचारलं. प्रश्न साधाच होता. पण काही माणसं किती वाजले हेदेखील असं विचारतात, की आपल्याला घड्याळ नसल्याची लाज वाटावी. मी घास न गिळताच म्हणालो, "ठिगळी! गाडी मी करतो."

आता ठिगळी म्हणजे काय ते सांगायला हवं. सासऱ्यांनी आयुष्यात गाड्या पुष्कळ वापरल्या, पण घरात आठवण निघते ती एकीचीच. मूळची ती निळी, लांबुडकी गाडी होती. एकदा ती भिंतीवर गेली. (सासऱ्यांच्या मते भिंत गाडीवर आली.) तेव्हा गॅरेजवाल्याने भंगारात पडलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचं पिवळट नाक काढून तिला जोडलं. पुढे एक ट्रक मागून खेटला, तेव्हा तिसऱ्याच गाडीची तांबडी शेपूट आली. निदान रंग तरी एकसारखा करून घ्या असं सगळ्यांनी विनवलं, पण "रंगाने गाडी जड होते," असं सांगून सासऱ्यांनी विषय संपवला. ते शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी संपवलेला विषय पुन्हा काढण्याची पद्धत त्या घरात नव्हती. गल्लीतल्या पोरांनी गाडीचं नाव ठिगळी ठेवलं आणि तेच घरातही रूढ झालं. ती भंगारात गेली त्यालाही आता जमाना झाला.

हे सगळं मला त्या दिवशीच सुचलं त्याला कारण होतं. काही महिन्यांपूर्वी सासऱ्यांचा गाडी चालवायचा परवाना डोळ्यांच्या तपासणीत अडकला तो सुटलाच नाही. तेव्हापासून त्यांनी बोलणंच जवळपास बंद केलं होतं. खिडकीशी बसायचं, खालून जाणाऱ्या गाड्या बघायच्या, विचारलं तर "हं" म्हणायचं. सासूबाई हिला फोनवर म्हणाल्या होत्या, "अगं, भांडायला तरी समोरून कुणी बोलावं लागतं. मी एकटी किती भांडणार?" सासूबाई हे रडवेल्या आवाजात म्हणाल्या. आमच्या सासूबाई रडवेल्या होणाऱ्यांतल्या नव्हेत.

तर, ठिगळीचं हुबेहूब छोटं मॉडेल करून सासऱ्यांच्या हातात द्यायचं, असा माझा उदात्त हेतू होता. अशी गाडी जगात एकच होती, त्यामुळे तिचं मॉडेल कुठलीच कंपनी बनवत नसणार, हा साधा हिशेब मला घास गिळल्यावर सुचला.

"तुम्ही?" फोन ठेवून ही म्हणाली. "तुम्ही भिंतीवर घड्याळ लावलंत, तेव्हापासून तिथे आपण एवढं मोठं कॅलेंडर लावतोय. भोक झाकायला."

"भिंत कच्ची होती," मी म्हणालो.

"तुमच्या वाटेला आलेल्या सगळ्याच भिंती कच्च्या कशा असतात?"

मी पाणीपुरवठा खात्यात बिलांच्या विभागात काम करतो. तिथे माझ्या शब्दाला किंमत आहे, निदान माझ्या शिक्क्याला तरी आहे. घरी मात्र माझी किंमत त्या घड्याळापासून ठरते.

छंदाच्या वस्तूंचं दुकान आमच्या ऑफिसच्या मागच्या रस्त्यावर आहे. दुकान इतकं अरुंद, की आत गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत दुसऱ्याने पायरीवर थांबावं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत गाड्यांची खोकी आणि मध्ये भिंगाचा चष्मा कपाळावर चढवलेला दुकानदार. मी त्याला ठिगळीची सगळी हकीकत सांगितली. त्याने ती डॉक्टरने रोग ऐकावा तशी ऐकली.

"जोडकाम," तो म्हणाला. "तीन खोकी लागतील. एकातलं नाक घ्यायचं, एकातलं धड, एकातली शेपूट."

"आणि उरलेले भाग?"

"ते जपून ठेवायचे. त्यातून पुढची गाडी होते."

"मला एकच करायचीय."

"हं," तो म्हणाला आणि माझ्याकडे फार मायेने बघत राहिला. "सगळे तसंच म्हणतात."

नाकाचं आणि धडाचं खोकं त्याच्याकडे होतं. शेपटीचं मात्र परदेशातून मागवावं लागणार होतं. तोवर मी माहिती गोळा करायला घेतली. ठिगळीचा एकुलता एक फोटो आमच्या हिच्या जुन्या पेटीत निघाला. कुणाच्या तरी लग्नातला. फोटोत ठिगळी आहे, पण ठिगळीच्या समोर हिच्या आत्याबाई उभ्या आहेत. आत्याबाईंच्या एका अंगाने गाडीचं नाक दिसतं, दुसऱ्या अंगाने शेपूट. मधली सबंध गाडी आत्याबाईंनी व्यापलेली. आत्याबाई हसतायत. त्यांचं काय जातं हसायला!

मग आठवणींवर भिस्त. ही म्हणाली, मागचं दार दोरीने बांधलेलं असायचं. मेहुणा म्हणाला, दोरी नव्हती, साखळी होती, आणि नाक पिवळं नव्हे, लाल होतं. त्यावर दोघं भावंडं फोनवर इतकी भांडली, की मीच मध्ये पडून नाकाचा रंग माझ्या जबाबदारीवर पिवळट ठरवला. सासूबाईंना मी आडून आडून विचारलं, "ठिगळीला आरसे किती होते हो?" त्या संशयाने म्हणाल्या, "का? पोलीस आलेत का?"

आणि मग पार्सल आलं. म्हणजे पार्सल आलं नाही, पार्सल आल्याची सूचना आली. उघड्या कार्डावर छापलेलं होतं: "आपल्या नावे परदेशातून आलेला माल: मोटारगाडी, एक, सुट्या भागांत. कागदपत्रांसह हजर राहावे."

हे कार्ड मला मिळण्याआधी ते आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी वाचलं होतं. टपालाच्या पेट्या त्यांच्या दाराशेजारी आहेत आणि ते जागरूक गृहस्थ आहेत. मी जिना चढत असताना ते दारातच उभे होते.

"अभिनंदन!" ते म्हणाले. "परदेशी गाडी! बोलला नाहीत कधी."

"अहो, ती तशी गाडी नाही."

"नम्रता राहू द्या. पण ठेवणार कुठे? जागा शिल्लक नाही. सभा बोलवावी लागेल."

मी समजावून सांगणार होतो. पण खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच सेक्रेटरींच्या नजरेत मला माझ्याबद्दल असूया दिसली होती. मी म्हटलं, राहू दे एक दिवस. इथेच माझं चुकलं.

पार्सल कार्यालयात खिडकीपलीकडे एक साहेब होते. त्यांनी कार्ड बघितलं, मला बघितलं आणि एक लांबलचक कागद पुढ्यात ओढला.

"इंजिन नंबर?"

"इंजिनाला नंबर नाही."

"म्हणजे चोरीचं?"

"साहेब, ते इंजिन माझ्या नखाएवढं आहे."

"प्रश्न आकाराचा नाही. नंबराचा आहे."

मी शांतपणे सांगितलं, की ही गाडी शोभेची आहे, रस्त्यावर चालणारी नाही.

"चालत नाही?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग आधी सांगायचं. नादुरुस्त वाहनं दुसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वाहन तपासणीसाठी आवारात आणायला सांगितलं. मी म्हणालो, वाहन तुमच्याच गोदामात आहे. त्या म्हणाल्या, मग ते बाहेर काढा आणि आत आणा. बाहेर काढायला परवानगी खालच्या साहेबांची लागत होती. खालचे साहेब चहाला गेले होते. मी सरकारी नोकर आहे. लोकांना खिडकीशी उभं करून चहाला जाणं म्हणजे काय, हे मला आतून माहीत आहे. बाहेरून ते कसं दिसतं हे मात्र त्या दिवशी कळलं. दिसायला बरं दिसत नाही.

शेवटी कुणाला तरी दया आली आणि पार्सल फोडलं गेलं. आतलं खोकं बघायला सगळा विभाग गोळा झाला. साहेबांनी प्लॅस्टिकच्या चौकटीतलं एक इवलंसं चाक बोटाने फिरवून पाहिलं, आणि शाळकरी वयातले साहेब क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेले. मग ते भानावर आले.

"खेळणी," ते म्हणाले. "खेळण्यांचा वेगळा कागद. मुलाचं नाव, वय, पालकाची सही."

मूल नाही म्हटलं तर सगळं पुन्हा दुसऱ्या मजल्यावर जाणार हे दिसत होतं. मी मुलाच्या नावापुढे स्वतःचं नाव लिहिलं, वय खरं तेच लिहिलं, आणि पालक म्हणून सही ठोकली. साहेबांनी वय वाचलं, वर बघितलं. शिक्का मारला. खोक्यावर "मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावे" असं छापलेलं होतं. तेवढं मात्र त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं.

खोकं काखेत मारून मी परतलो तर इमारतीची सभा झालेली होती. मला गाडीसाठी जागा मंजूर झाली होती, गटाराच्या पाइपाखालची. त्यासाठी कुणाच्या तरी सायकली हलवून भांडणही झालं होतं. मी सेक्रेटरींना खोकं दाखवलं. त्यांनी वाकून खोक्यावरचं चित्र बघितलं.

"ही?"

"ही."

"आम्ही सभा घेतली," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ठराव झालाय. ठराव आता मागे घेता येत नाही." तेव्हापासून पाइपाखाली माझी हक्काची जागा आहे आणि तिच्यात कुणालाच काही ठेवू देत नाहीत. सेक्रेटरी माझ्याशी बोलेनासे झाले ते वेगळंच.

आता जोडणी. इथे आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा प्रवेश होतो. ते निवृत्त इंजिनिअर आहेत आणि त्यांच्या खिशात सदैव धातूची पट्टी असल्यामुळे सगळे त्यांना मोजपट्टी म्हणतात. सभेची बातमी ऐकून ते गाडी बघायला आले, ती टेबलावर मावतेय हे बघून जराही खचले नाहीत, उलट खुर्ची ओढून बसले.

"नाक चोविसातलं आहे," पट्टी लावून ते म्हणाले. "धड पंचविसातलं. हे कसं बसणार?"

म्हणजे असं, की एका कंपनीने खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा केला होता आणि दुसरीने पंचविसावा. माझ्या डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता. पण नाक धडाला लावून बघितलं तर गाडीला गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं.

"घाबरू नका. धड कापू," मोजपट्टी म्हणाले. "पूल बांधताना आम्ही असंच करायचो."

ते कुठले पूल, हे मी तेव्हाच विचारून घ्यायला हवं होतं. आम्ही बारीक करवतीने धड कापलं. जास्त कापलं गेलं. गाडी दचकल्यासारखी आखूड झाली. मग मध्ये पट्टी घालून लांब केली, ती इतकी लांब, की मधे एकदा तिला आणखी एक दार पुरत होतं. मग पुन्हा कापली. प्रत्येक वेळी मोजपट्टी मोजत, "एकदम बरोबर" म्हणत आणि चहा मागत. भेगांत मी पुट्टी भरायचो, घासायचो, पुन्हा भरायचो. आमच्या जेवणाच्या टेबलावर पुट्टीची भुकटी, चार प्रकारचे घासकागद आणि उरलेल्या भागांचा ढीग. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. ही एक शब्दही बोलत नव्हती. संसारात असा काळ फार धोक्याचा असतो.

पण एका रविवारी सकाळी नाक, धड आणि शेपूट एका रेषेत आली. खरंच आली. मी हिला हाक मारली. हात पुसत ती आली आणि टेबलाशी वाकली.

"मागच्या काचेतून मी उलटी बसून लोकांना वेडावायचे," ती म्हणाली. मग नाकावर बोट ठेवून, "नाक पिवळटच होतं हं. त्याला काही आठवत नाही."

त्या दिवसापासून टेबल माझं झालं.

रंग द्यायचा तो फवाऱ्याच्या डब्याने, आणि मोकळ्या हवेत, असं डब्यावरच लिहिलेलं होतं. मी गॅलरीत गेलो, तोंडाला फडकं बांधलं आणि शेपटीवर तांबडा रंग मारला. फार सुंदर बसला. नवशिक्याचं काम एवढं सुंदर झालं की त्याने थांबावं. मी दुसरा हात मारला, मग तिसरा. तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. वास जिन्यात पसरला होता आणि सेक्रेटरींनी गॅस गळत असल्याचं ठरवून इमारत रिकामी करायचा हुकूम सोडला होता. ते माझ्याशी बोलत नव्हते, त्यामुळे मला कुणी कळवलंच नाही. सगळी इमारत खाली आवारात, आणि वर गॅलरीत मी, तोंडाला फडकं बांधून, हातात डबा घेऊन. गॅस कंपनीचा माणूस जिना चढून आला, नाकाने माग काढत थेट माझ्यापर्यंत पोचला, शेपूट बघितली आणि म्हणाला, "मागे दिवे लावायचे राहिलेत."

मी खाली वाकून सगळ्यांची माफी मागितली. मोजपट्टी खालून ओरडून म्हणाले, "रंग एकसारखा आलाय का?" त्यांच्या शेजारच्या कुणी तरी त्यांना दरडावलं.

शेवटचं संकट अंगठ्यावर आलं. वाढदिवस तोंडावर होता. गाडी पूर्ण झाली होती, फक्त छताची एक कड सुटली होती. मी तिथे झटपट चिकटणारा गोंद टाकला आणि अंगठ्याने दाबून धरली. गोंदाने जरा जास्तच झटपट केलं. कड चिकटली, अंगठाही चिकटला. ओढून बघितलं तर अंगठा सुटण्याऐवजी छत उचकटायला लागलं.

"जवळच्या दवाखान्यात चला," ही म्हणाली आणि माझ्या पायात चपला सरकवल्या. मी गाडी लागलेला हात पुढे धरून भर रस्त्याने चाललो होतो. लोक वाट देत होते. दवाखान्यात शेजारी बसलेल्या आजीबाईंनी कौतुकाने विचारलं, "बाळासाठी?"

"नाही," मी म्हणालो, "अंगठ्यासाठी."

डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून बघितला. "सोपं आहे. नेलपॉलिश काढायचं औषध लावतो, लगेच सुटेल."

"थांबा!" मी हात मागे घेतला. दुकानदाराने मला बजावलं होतं, की त्या औषधाने असलं प्लॅस्टिक विरघळतं. "गाडी वितळेल."

"मग काय वाचवायचं? अंगठा की गाडी?"

मी विचारात पडलो. एक अंगठा गेला तरी दुसरा राहतो. बिलांवर शिक्का मारायला तेवढा पुरे.

"अहो, यात विचार कसला करताय!" ही किंचाळली. मग तिनेच डॉक्टरांकडे कोमट पाणी आणि साबण मागितला. भांडं पुढ्यात घेऊन बसली आणि माझा अंगठा भिजवत, कडेकडेने नखाने सोडवत राहिली. हळूहळू, अगदी हळूहळू. बाहेर पेशंट खोळंबले होते, डॉक्टर मान वाकडी करून बघत होते. इतकी वर्षं संसार केला, पण माझा हात एवढा वेळ हिच्या हातात आधी कधी होता ते मला आठवेना. अंगठा सुटला. छत जागच्या जागी राहिलं, फक्त वर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिच्या छताला पोचा होताच. दादा वर चढून उड्या मारायचा."

मी असा सुस्कारा सोडला, की डॉक्टरांनी लगेच माझा रक्तदाब तपासला.

वाढदिवसाला आम्ही टॅक्सीने गेलो. खोकं मांडीवर, दोन्ही हात खोक्यावर. सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत मसाजची खुर्ची मध्यभागी मांडलेली होती आणि सासरे तिच्यात बसून थरथरत होते. डोळे मिटलेले. मेहुणा हातातल्या बटणांकडे बघत होता. "आता खांदे," तो म्हणाला. खुर्चीने खांदे रगडले. सासऱ्यांचा चेहरा सहनशील होता, शाळेत पाहुण्यांचं भाषण ऐकताना व्हायचा तसा. आम्ही नमस्कार केला. "हं," ते म्हणाले.

मी खोकं त्यांच्या हातात दिलं. मेहुण्याने खुर्ची बंद केली. सासऱ्यांनी झाकण काढलं. खिशातून भिंग काढलं. नाकाजवळ नेलं, मग धडाजवळ, मग शेपटीजवळ. जिथे नाक धडाला मिळतं त्या सांध्यावरून त्यांनी नख फिरवलं. मुख्याध्यापकांपुढे उत्तरपत्रिका पडलेली आणि मी समोर उभा.

"नाक लाल होतं ना?" मेहुणा वाकून म्हणाला. मग आणखी वाकला. "भावोजी! स्टिअरिंग उलट्या बाजूला आहे."

मी बघितलं. होतं. धडाचं खोकं ज्या देशातलं होतं तिथे लोक दुसऱ्या बाजूला बसून गाडी चालवतात. इतके दिवस मी त्या गाडीत डोकं घालून बसलो होतो. आरसे मोजले, दोरी की साखळी याचा खल केला, गालगुंड उतरवलं आणि स्टिअरिंग कुठे आहे ते बघितलं नाही. मोजपट्टींनी नाही, हिने नाही, कुणीच बघितलं नाही. ही पटकन माझ्या जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काढून लावतील ते. त्यात काय एवढं?"

"थांब," सासरे म्हणाले.

सगळेच थांबले. हा शब्द त्या घरात बऱ्याच महिन्यांत कुणी ऐकला नव्हता.

"उलट्या बाजूला कोण म्हणतं?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"अहो बाबा, तुम्ही या बाजूला बसायचात ना!"

"मी बसायचो या बाजूला. पण गाडी कोण चालवायचं?" त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघितलं. "डावीकडे घ्या. हळू. सायकलवाला आहे. ब्रेक! अहो ब्रेक! मी आपला पाय हलवायचो नुसता. स्टिअरिंग पहिल्यापासून हिच्याच बाजूला होतं. जावईबापूंनी अगदी बरोबर बसवलंय."

मग सासूबाई पदराला हात पुसत खोलीच्या मधोमध आल्या.

"आणि ज्या दिवशी मी गप्प बसले त्या दिवशी काय झालं?" त्या म्हणाल्या. "सांगा ना! भिंतीवर गेलात!"

"भिंत वळणावर होती."

"वळण मी सांगितलं नाही म्हणून तुम्ही वळला नाहीत!"

"तू रुसली होतीस. रुसवा वळण संपल्यावर तरी धरायचा!"

"मी रुसले होते कारण तुम्ही माझ्या भावाला डिकीत सामानाबरोबर बसवलं होतं!"

"त्यानेच मागितलं. हवा खेळती राहते म्हणाला."

ते भांडत राहिले. काय रंगून भांडले! गॅरेजवाला निघाला, ट्रकवाला निघाला, आत्याबाई निघाल्या. सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि हातवारे करत होते. मेहुणा बटणं हातात धरून ऐकत होता आणि मधूनच लहान मुलासारखा हसत होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हिने चेहरा भिंतीकडे वळवला आणि डोळे टिपले. मी मात्र मिळेल त्या स्टुलावर बसलो. एकदम कडकडून भूक लागल्याचं माझ्या लक्षात आलं.

सासऱ्यांनी ठिगळी जेवणाच्या टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून बसले, आणि शेजारची खुर्ची सासूबाईंसाठी ओढली.

"सांग, कुठे घेऊ?" छतावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"आधी सरळ," सासूबाई बसत म्हणाल्या. "आणि हळू."

ठिगळी निघाली. पाण्याच्या तांब्याला वळसा घालून ताटांच्या मधून ती जरा कुरकुरत, पण चालली. तांब्यापाशी सासूबाई "अहो, हळू" म्हणाल्या तेवढ्यात खट् आवाज झाला आणि तांबडी शेपूट सुटून टेबलावर पडली.

मी स्टुलावरून अर्धवट उठलो.

"मागचं पडलं वाटतं," सासरे म्हणाले.

"पडू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पुढे बघा."